शेवट सांगणाऱ्या आहेरबाई

मला निदान अकरा कादंबऱ्यांचे शेवट चुकीचे पाठ आहेत. त्याचं सगळं श्रेय आमच्या होस्टेलच्या रेक्टर आहेरबाईंना. अभ्यासाच्या तासाला कादंबरी वाचताना सापडलेल्या मुलीला त्या शिक्षा म्हणून त्या कादंबरीचा शेवट सांगत. अशा किती मुलींच्या किती रात्री त्यांनी बेचव केल्या असतील देव जाणे. पण खुद्द बाईंनाही एका कादंबरीचा शेवट हवा होता, आणि तो त्यांना कुणी सांगितला नव्हता. तो त्यांना मिळाला, आणि मिळाला तेव्हा मी समोर होते. ते सांगण्याआधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला त्या कुणी दुःखी बाई वाटतील. तशा त्या अजिबात नव्हत्या. दुःखी असायच्या त्या आम्ही.

आमचं होस्टेल नाशकात कॉलेजच्या मागच्या गल्लीत होतं. दुमजली इमारत, चाळीस मुली, चार नळ. आम्ही जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या. बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. मी इगतपुरी. माझ्या खोलीतली मैत्रीण सुरगाणा. निफाडच्या दोघी होत्या, म्हणून थोरली निफाड आणि धाकटी निफाड. सकाळी व्हरांड्यात उभ्या राहून बाई मोठ्यानं म्हणायच्या, "मालेगाव अजून उठलं नाही, पेठला ताप आलाय, आणि इगतपुरीनं पुन्हा पाणी वाहतं ठेवलं." रस्त्यानं जाणाऱ्याला आत रेडिओवर जिल्ह्याच्या बातम्या लागल्यात असं वाटावं.

तेव्हा त्या पन्नाशीच्या आसपास होत्या. उंच, सडसडीत, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. आम्हाला वाटायचं ही जुनी फॅशन असेल. त्या म्हणायच्या, "बाहेरून बांधलं की तुम्ही बघता, तास संपायला किती राहिलं ते." बोलणं अगदी स्वच्छ, शहरी. पण माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे राग अनावर झाला की अहिराणी बाहेर पडायची. बाई "काय करी ऱ्हायनी तू?" म्हणाल्या की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

संध्याकाळी सात वाजता त्या स्टीलच्या ताटावर डाव आपटायच्या. सात ते नऊ अभ्यास. दारं उघडी ठेवायची, मोबाइल त्यांच्या टेबलावर जमा करायचे. तेव्हाचे आमचे फोन बटणांचे, त्यावर फार तर साप फिरवता यायचा, पण बाईंना तोही नको असे. मग त्या पायातल्या चपला काढून हातात घ्यायच्या आणि अनवाणी फेऱ्या मारायच्या, आवाज होऊ नये म्हणून.

कादंबऱ्या मात्र आम्ही वाचायचोच. कॉलेजच्या ग्रंथालयातून आणायच्या आणि वहीत, जर्नलमध्ये, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात घालून वाचायच्या. आमची समजूत अशी की बाई पुस्तकं तपासतात. त्या पुस्तकांकडे बघतच नसत. चेहऱ्यांकडे बघत. मी पहिल्यांदा सापडले तेव्हा माझ्या हातात बेन्झीनचा धडा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई दारात येऊन थांबल्या. म्हणाल्या, "बेन्झीनचं कुणी गेलं का?"

मी पुस्तक मिटलं. आतली कादंबरी खाली पडली. बाईंनी ती उचलली, मलपृष्ठावरचा मजकूर वाचला, मधली चार पानं चाळली आणि विचारलं, "ठेवतेस, का सांगू शेवट?" मी ठेवते म्हणायच्या आत सुरगाणा हसली, आणि तिच्या हसण्याची शिक्षा मला झाली. बाई दाराच्या चौकटीला टेकल्या आणि त्यांनी शेवट सांगितला. नायिका सासर सोडते. सगळे तिला शोधतात. ती एसटीत खिडकीपाशी बसलेली असते, कंडक्टर तिकीट विचारतो, आणि ती अशा गावाचं नाव सांगते जे आपण आधी कधी ऐकलेलं नसतं. संपलं. मग कादंबरी काखेत मारून त्या पुढच्या दाराकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती स्वतः नेऊन ग्रंथालयाच्या खिडकीवर दिली.

शेवट कळल्यावर ते पुस्तक पुन्हा कोण आणणार? मी बेन्झीनकडे वळले. त्या वर्षी मला रसायनशास्त्रात बरे मार्क पडले, आणि बाईंनी ते स्वतःच्या खात्यात जमा करून टाकले.

हळूहळू आमच्या लक्षात आलं की बाईंनी सांगितलेल्या प्रत्येक शेवटात एसटी असते. कोकणातली कादंबरी असो, पुण्यातली असो, ऐतिहासिक असो, शेवटी कुणीतरी एसटीत चढायचं, नाहीतर उतरायचं, नाहीतर एसटी चुकायची. एकदा सुरगाणा एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद वाचताना सापडली. विलायतेतला मोठा वाडा, घोडे, धुकं वगैरे. बाईंनी तिचाही शेवट सांगितला. नायिका पेटी घेऊन स्टॅण्डवर येते आणि पहाटेच्या गाडीनं निघून जाते. सुरगाणा भाबडी, तिनं विचारलं, "बाई, तिकडं एसटी असते?"

"नसली तर तिनं काय चालत जायचं का?" बाई म्हणाल्या.

आमच्यापैकी एकीलाही शंका आली नाही. बाईंनी सगळ्या कादंबऱ्या वाचून टाकल्या आहेत यावर आमचा पक्का विश्वास होता. त्यांच्या खोलीत एकही कादंबरी दिसत नाही, याचा अर्थ त्या वाचून झाल्या आहेत असाच आम्ही घ्यायचो.

सुरगाण्याचे वडील एकदा अचानक आले. शेतकरी माणूस, डोंगरातला, दोन गाड्या बदलून आलेला. भेटायला आले आणि पोरीच्या पिशवीत त्यांना कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर एक बाई केस मोकळे सोडून उभी. ते तसेच खाली येऊन बाईंना एवढंच म्हणाले की पोरीला घेऊन जातो, शिकली तेवढं पुरे झालं. सुरगाणा जिन्यात उभी होती, चेहरा पांढराफटक पडलेला.

बाई म्हणाल्या, "ते पुस्तक माझं आहे. मी तिला बायंडिंग करून आणायला दिलं होतं." धादांत खोटं. त्यांनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि म्हणाल्या, पुस्तक वाईट आहे असं वाटत असेल तर ऐकून घ्या. मग अर्धा तास त्यांनी ती गोष्ट सांगितली. कुठून आणली कुणास ठाऊक, कारण नंतर सुरगाणा म्हणाली की तिच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. गोष्टीत एक बाप होता, त्याची जमीन होती, आणि धरणासाठी ती जाणार होती. पाहुणे चहा विसरले. बाप कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढू लागला तिथं बाई थांबल्या.

"मग पुढं काय झाला?" पाहुण्यांनी विचारलं.

"पोरीची परीक्षा झाली की सांगते."

गृहस्थ टोपी सारखी करून निघून गेले. पोरीला न घेता. पुढच्या महिन्यात ते तांदूळ घेऊन आले आणि जाताजाता बाईंना हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, "अजून एक परीक्षा आहे." असं करत करत सुरगाणा पदवीधर झाली. आज ती पेठकडच्या शाळेत शिकवते. तिच्या वडलांना शेवट कळला का, हे मी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी त्यांना सांगितला असेल, एसटीसकट.

सुरगाण्याचे वडील पहिल्यांदा आले त्या दिवशी, ते गेल्यावर बाई त्या खुर्चीकडे बघत उभ्या होत्या. मी कपबश्या उचलत होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अर्ध्यातून नेतात. कुणाला कळतही नाही काय अर्धं राहिलं ते." मला वाटलं चहाबद्दल बोलतात.

भांडं फुटलं ते आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना, जेवणाच्या खोलीत. थोरली निफाड आणि धाकटी निफाड वरणभात खाता खाता एका कादंबरीबद्दल बोलत होत्या. दोघी एकाच पुस्तकापायी, एका वर्षाच्या अंतरानं, बाईंच्या तावडीत सापडल्या होत्या. थोरली म्हणाली, शेवटी तो बिचारा आंधळा होतो आणि ती त्याला एसटीत बसवून गावी नेते, मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. धाकटी म्हणाली, आंधळा कशानं होईल, तो तर तहसीलदार होतो आणि तीच एसटीनं निघून जाते. थोरलीला हे सहन होईना. वर्षभर ज्याच्यासाठी जीव हळहळला तो तहसीलदार झाला, हे ती कसं मान्य करणार? दोघी हमरीतुमरीवर आल्या. शेवटी दुसऱ्या दिवशी कुणीतरी ग्रंथालयातून ते पुस्तक आणलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून शेवटचं पान वाचलं. नायक धडधाकट होता, कारकून होता, आणि बायकोबरोबर गच्चीवर पापड वाळत घालत होता. अख्ख्या पुस्तकात एसटी नव्हती. एके ठिकाणी बैलगाडी होती.

मग जुने हिशेब निघाले. माझी ती बेन्झीनमधली नायिका सासरीच होती आणि तिला जुळं झालं होतं. विलायतेतली नायिका वाड्याची मालकीण झाली होती. बाईंनी आम्हाला तीन वर्षं बनवलं होतं. जाब विचारायला मला पाठवायचं ठरलं, कारण मी कमी बोलते असा सगळ्यांचा समज होता.

रविवारची दुपार होती. बाई खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कळलं वाटतं." आणि मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

मी विचारलं, "बाई, यातलं एकही पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही?"

"मी कुठली वाचतेय. मी एकच कादंबरी वाचली, आणि तीही सगळी नाही."

मेथी निवडून होईपर्यंत त्यांनी मला सांगितलं. त्या समोरच्याच कॉलेजात शिकायला होत्या, गावातून नाशकात शिकायला आलेली पहिली मुलगी. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयातून एक कादंबरी आणली होती. जुनी, पुन्हा बांधलेली, हिरवं रेक्झिनचं कव्हर. पहिली पानं फाटून गेलेली, त्यामुळे नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. पाठीवर पांढऱ्या शाईनं आकडा होता, सतराशे चौसष्ट. तिच्यात एक मुलगी घर सोडून नर्सिंग शिकायला निघते. पत्र्याची ट्रंक घेऊन एसटी स्टॅण्डवर येते. गाडी लागते. मुलगी नुसतीच उभी. कंडक्टर विचारतो, "ताई, येताय का राहताय?"

"एवढं वाचलं, आणि खालून निरोप आला की भाऊ आलाय. लग्न ठरलं होतं. अर्ध्या तासात सामान बांधलं. मी पुस्तकही पिशवीत टाकलं होतं. पण भाऊ सरळ माणूस. म्हणाला, कॉलेजची वस्तू घरी न्यायची नाही. स्वतः जाऊन खिडकीवर देऊन आला. मी फाटकापाशी उभी होते."

पुढचं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला, मग या होस्टेलची जाहिरात दिसली. पण स्वयंपाक करताना, धुणं धुताना त्यांना ती मुलगी आठवायची. ट्रंक घेऊन तशीच उभी. मग त्या तिला गाडीत चढवायच्या. एक दिवस मुंबईला पोचवायच्या, एक दिवस नागपूरला. कधी ती मोठी मेट्रन व्हायची, कधी तिला गाडीतच कुणी चांगला माणूस भेटायचा. "तुम्हाला सांगितले ते सगळे तिचेच शेवट. माझ्याकडे पडून होते. म्हटलं, वापरावे."

मी विचारलं की मग एवढी वर्षं ग्रंथालय शंभर पावलांवर आहे, जाऊन आकडा का सांगितला नाही. त्या म्हणाल्या, मी त्यांची मेंबर नाही. मी म्हटलं, मी मेंबर आहे, उद्या आणते.

त्यांनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली. "नको. तू अभ्यास कर. आणि आत्ता मिळून करायचं काय? ती तिथं उभी आहे तेच बरं आहे." मग म्हणाल्या, "कधीतरी बघू."

बाहेर येऊन मी मुलींना सांगितलं की बाईंनी जुन्या आवृत्त्या वाचल्या असणार. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण त्यानंतर शिक्षेला भलताच रंग चढला. मुली मुद्दाम सापडू लागल्या. धाकटी निफाड तर कादंबरी उघडी ठेवून, दाराकडे तोंड करून, मोठमोठ्यानं हुंदके द्यायची. बाईंना सगळं समजत होतं. पण सांगायच्या, आणि त्या वर्षी गाड्या फार लांब लांब जाऊ लागल्या होत्या.

आम्ही पास होऊन पांगलो. मी सातपूरला एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागले आणि नाशिककरच झाले. होस्टेलची इमारत विकली गेली, तिथं आता फ्लॅट आहेत, आणि बाई सटाण्याजवळ माहेरी, भावाच्या मुलाकडे राहायला गेल्या. सणावाराला फोन व्हायचा. "इगतपुरी, नळ बंद केला का?" असं विचारून त्या फोन ठेवायच्या.

यंदा उन्हाळ्यात कळलं की कॉलेजचं ग्रंथालय जुनी पुस्तकं काढून टाकणार आहे. मी रजा टाकली आणि गेले. खिडकीवर एक तरुण मुलगा होता. त्याला म्हटलं नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही, फक्त आकडा आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं तसं मी स्वतःकडेही पाहिलं असतं. पण मुलगा चांगला होता. मागच्या खोलीत नेऊन त्यानं मला एक स्टूल दिलं. तीन तास धूळ खाल्ल्यावर खालच्या फळीत हिरवं रेक्झिन दिसलं. आकडा अर्धा पुसला होता, तरी वाचता येत होता. पुस्तक अजून नोंदवहीतून कमी झालेलं नाही, म्हणून तो म्हणाला की आठ दिवसांत परत आणा, आणि आत तारखेचा कागद चिकटवून दिला.

ते पुस्तक पाच दिवस माझ्या घरी होतं. शेवट वाचला नाही. तीन वेळा हातात घेतलं आणि तिन्ही वेळा बाई अनवाणी मागे उभ्या आहेत असं वाटून खाली ठेवलं.

सहाव्या दिवशी सकाळी सटाण्याची गाडी पकडली. बाई ओट्यावर बसल्या होत्या. पाठीत थोड्या वाकल्या होत्या, घड्याळ अजून मनगटाच्या आतच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मी अगदी समोर जाईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाहिलं नाही, चाचपलं. पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला अक्षर दिसत नाही. तू वाच. स्टॅण्डपासून."

जागा सापडायला वेळ लागला नाही. ट्रंक, स्टॅण्ड, गाडी. कंडक्टरचं वाक्य त्या माझ्याबरोबर ओठ हलवून म्हणाल्या. चव्वेचाळीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मी पुढे वाचणार, तेवढ्यात माझी नजर खालच्या परिच्छेदावर गेली. तिथं मुलीचा भाऊ धावत स्टॅण्डवर आला होता आणि त्यानं ट्रंक उचलली होती.

मी थांबले नाही. मी तिला गाडीत चढवलं. खिडकीपाशी जागा दिली. घाट उतरवला, पाऊस लावला, शेजारी एक म्हातारी बसवली आणि तिच्याकडून भाकरी देववली. मुलगी मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी उतरली. मला स्वतःला ते चांगलं जमतंय असं वाटू लागलं होतं. फाटकावरच्या गुरख्याशी ती बोलत असताना बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छान आहे. पण दहा मिनिटं झाली, इगतपुरी. पान कधी उलटणार?"

माझा चेहरा उतरला. त्यांना तो दिसला नसेल, पण चेहरे वाचायला त्यांना आता डोळे लागत नव्हते. "आता आहे ते वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. भाऊ येतो. तो रागवत नाही, फक्त म्हणतो, आई वाट बघतेय. मुलगी गाडीकडे एकदा बघते आणि त्याच्या मागून चालू लागते. पुढे आठ पानांत चांगलं स्थळ येतं, मांडव पडतो, सनई वाजते, आणि सगळे म्हणतात की पोर शहाणी निघाली. समाप्त.

मी पुस्तक मिटलं. आतून भाचेसुनेच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"एवढ्या वर्षांत मी तिला कुठं कुठं नेलं," बाई म्हणाल्या. "हा एकच शेवट मी कधी केला नाही. आणि हाच तं माले ठाऊक व्हता."

मला रडू फुटलं. आवरेना. मीच हे पुस्तक शोधून काढलं आणि मीच ते त्यांना वाचून दाखवलं, याचं फार वाईट वाटलं. ती मुलगी त्या स्टॅण्डवर उभी होती तेच खरंच बरं होतं.

बाईंनी थोडा वेळ मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "बेन्झीनचं कुणी गेलं का?" आणि हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या की लेखकाला घाई झालेली दिसते, नाहीतर एवढी गाडी लावून परत कोण पाठवतं. मग एकदम हसू थांबवून त्यांनी विचारलं की हे पुस्तक परत कधी द्यायचंय. मी म्हटलं, परवापर्यंत, मी उद्या जाते आहे तेव्हा देईन.

"तू नाही. मागच्या वेळी भावानं दिलं. या वेळी मी देणार."

भाच्यानं समजावून पाहिलं. आत्या, ऑपरेशन झाल्यावर जा, तुला डोळ्यांनी नीट दिसत नाही. बाई म्हणाल्या, "एसटी मोठी असते. दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सटाण्याच्या स्टॅण्डवर उभ्या होतो. बाईंची नवी साडी, काखेत पिशवी, पिशवीत पुस्तक. गाडी लागली. मी हात द्यायला पुढे झाले तर त्यांनी तो झटकला, दांडा धरला आणि चढल्या. खिडकी त्यांनीच घेतली. कंडक्टर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "नाशिक, सीबीएस." बायकांना आता अर्धं तिकीट असतं. ते हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेलं आणि मला म्हणाल्या, "तिच्या वेळी पूर्ण होतं. म्हणून परत गेली असेल बिचारी."

देवळा, पिंपळगाव, ओझर, मग नाशकातलं द्वारका आणि सीबीएस स्टॅण्ड. कॉलेजच्या फाटकापाशी बाई थांबल्या, एका बाजूला सरकून उभ्या राहिल्या, मग आत आल्या. ग्रंथालयाच्या खिडकीवर तोच मुलगा होता. बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि दोन्ही हातांनी आत सरकवलं.

"उशीर झाला जरा," त्या म्हणाल्या.

मुलानं पुस्तक उघडून तारखेचा कागद पाहिला. "नाही आजी, अजून एक दिवस आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस का, इगतपुरी?" आणि मनगट फिरवून आतल्या बाजूचं घड्याळ पाहिलं.